विश्लेषण : उस्तादांच्या कोठीतल्या चिजा छापील पुस्तकात कशा आल्या? पं. भातखंडे यांनी नेमके काय केले?

खोपोली, कर्जत, खालापूर भागात गाण्याच्या, हार्मोनियमच्या किंवा बासरीच्या क्लासला जाणाऱ्या मुलांच्या वह्या बहुतेक सारख्याच दिसतात. चौकटींत मांडलेले सा, रे, ग, म. काही स्वरांखाली आडवी रेघ, काहींच्या डोक्यावर टिंब आणि ओळीच्या तळाशी फुली, शून्य, २, ३ असे आकडे. राग यमन शिकायला घेतला की पहिल्याच आठवड्यात एखादी चीज अशी लिहून मिळते. पालकांना त्यात विशेष काही वाटत नाही. मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी हीच चीज मिळवण्यासाठी गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहावे लागे आणि तरीही ती मिळेलच याची खात्री नसे. हे चित्र ज्यांच्यामुळे बदलले, त्यात सर्वांत मोठा वाटा मुंबईतील एका वकिलाचा आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे आयुष्य, त्यांचे काम आणि त्यावरील आक्षेप यांचा हा आढावा.

कोण होते भातखंडे?

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीला, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. त्या काळी मुंबईहून पुण्याकडे जाणारी रेल्वे खोपोलीपर्यंतच येत असे. तिथे उतरून प्रवासी पालखीने, घोड्यावरून किंवा पायी बोरघाट चढत आणि खंडाळ्याला पुण्याची गाडी पकडत. घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. ही गोष्ट इथे सांगण्याचे कारण म्हणजे भातखंडे यांचे पुढचे सगळे काम रेल्वेच्या जाळ्यावर उभे राहिले. देशभर फिरून संगीत गोळा करणे त्यांच्या आधीच्या पिढीला जवळपास अशक्य होते.

घर गाण्याची आवड असलेले होते, पण गाणे हा व्यवसाय नव्हता. लहानपणी ते बासरी वाजवत. पुढे वल्लभदास दामुलजी यांच्याकडे ते सतार शिकले. शिक्षणही सुरूच होते. १८८५ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए., १८८७ मध्ये एलएल.बी. आणि त्यानंतर काही काळ कराचीत व पुढे मुंबईत वकिली.

१८८४ मध्ये ते मुंबईतील पारशी गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. हौशी मंडळींना गाणे शिकवण्यासाठी ही संस्था बुवा आणि उस्तादांना नेमत असे. तिथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून धृपदे आणि अली हुसेन, विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल असा शेकडो चिजांचा साठा त्यांच्याकडे जमा झाला. याच काळात त्यांना एक प्रश्न पडू लागला. एकच राग दोन उस्ताद दोन प्रकारे गातात. मग बरोबर कोण आणि ते ठरवायचे कशावरून?

१९०० मध्ये त्यांच्या पत्नीचे आणि १९०३ मध्ये एकुलत्या मुलीचे निधन झाले. त्यानंतर वकिली मागे पडत गेली. उरलेली तीन दशके त्यांनी संगीताला दिली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, संसार संपल्यावर सुरू झालेले हे काम होते. ते मैफलीचे गवई नव्हते आणि तसा दावाही त्यांनी केला नाही.

चिजा कुलूपबंद का होत्या?

आज उस्तादांची गुप्तता अनेकांना संकुचितपणा वाटते. त्यामागचे अर्थकारण पाहिले तर ती समजते. दरबारी गवयाकडे जमीन नसे, पेन्शनची हमी नसे. त्याची मालमत्ता म्हणजे त्याच्या गळ्यातल्या चिजा. दुर्मीळ रागातली दुर्मीळ बंदिश फक्त आपल्याच घरात असणे म्हणजे दरबारातली जागा टिकणे. ती चारचौघांत पसरली की तिची किंमत संपली. म्हणून मुलाला, जावयाला आणि गंडा बांधलेल्या मोजक्या शिष्यालाच ती मिळे. खानदानी घरांत लग्नात चिजा हुंडा म्हणून दिल्याच्या हकिकती संगीतविश्वात आजही सांगितल्या जातात.

बाहेरच्या माणसाला काय किंमत मोजावी लागे, याचे महाराष्ट्रातले परिचित उदाहरण म्हणजे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ग्वाल्हेरची गायकी मिळवण्यासाठी त्यांना घर सोडून उत्तरेत जावे लागले आणि वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे राहून ती शिकावी लागली. त्यांनी आणलेली गायकी पुढे महाराष्ट्रात रुजली.

या पद्धतीत एक धोका होता. चीज फक्त स्मरणात असेल, तर गवई गेला की तीही जाते. संस्थानांचे उत्पन्न आणि आश्रय आटू लागला, तसा हा धोका वाढला. भातखंडे यांना घाई होती ती यामुळे.

प्रवासात त्यांना काय मिळाले?

१९०४ मध्ये ते दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टयापुरम ही त्यातली प्रमुख ठिकाणे. एट्टयापुरमला त्यांची भेट सुब्बराम दीक्षितर यांच्याशी झाली. दीक्षितर यांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा स्वरलेखनासह चिजा देणारा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी छापून झाला होता. आपल्या मनातले काम दक्षिणेत एका वृद्ध विद्वानाने करून दाखवले आहे, हे भातखंडे यांनी प्रत्यक्ष पाहिले. वेंकटमखी यांच्या सतराव्या शतकातील ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथाची प्रतही त्यांना याच दौऱ्यात मिळाली. या ग्रंथाचा परिणाम पुढे त्यांच्या सगळ्या मांडणीवर झाला.

१९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयनगरम, पुरी, कलकत्ता असा दौरा झाला. त्यानंतर अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर असा उत्तरेचा दौरा. प्रत्येक ठिकाणी जुनी हस्तलिखिते शोधायची, पंडितांना प्रश्न विचारायचे, गवयांना गाऊन दाखवायला लावायचे आणि रोज डायरी लिहायची, असा शिरस्ता होता. वकिलाची उलटतपासणीची सवय इथे कामी आली. तिचा काहींना रागही आला.

चिजांच्या दृष्टीने सर्वांत मोठे घबाड जयपूरचे मोहम्मद अली खाँ यांच्याकडे मिळाले. मनरंग यांच्या परंपरेतील या गवयाकडे चिजांचा एवढा साठा होता की त्यांना ‘कोठीवाल’ म्हणत. ते आणि त्यांचे पुत्र आशिक अली व अहमद अली यांच्याकडून भातखंडे यांनी मोठ्या संख्येने ख्याल घेतले. ग्वाल्हेरच्या चिजा एकनाथ पंडित यांच्याकडून मिळाल्या. तानसेनाच्या परंपरेतले धृपद रामपूर दरबारातून मिळाले. तिथले बीनकार वझीर खाँ आणि नवाब हमीद अली खाँ यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी भातखंडे यांना रीतसर शागिर्दी पत्करावी लागली. दार उघडण्यासाठी त्यांनी जुनीच किल्ली वापरली.

दहा थाट म्हणजे काय?

गोळा केलेले साहित्य रचून ठेवायला चौकट हवी होती. वेंकटमखी यांची चौकट गणिती होती. सा आणि प स्थिर. सा आणि म यांच्या मधल्या चार जागांपैकी दोन निवडायच्या, त्याचे प्रकार ६. प नंतरच्या चार जागांपैकी दोन निवडायच्या, त्याचेही ६. मध्यमाचे दोन प्रकार. ६ गुणिले ६ गुणिले २ म्हणजे ७२ मेळ.

हिंदुस्थानी संगीतात रे, ग, ध, नी यांना कोमल व शुद्ध आणि म ला शुद्ध व तीव्र अशा दोन-दोन जागा आहेत. पाच स्विच आणि प्रत्येकाच्या दोन स्थिती अशी कल्पना केली तर ३२ शक्यता होतात. त्यातून भातखंडे यांनी प्रत्यक्ष गायल्या जाणाऱ्या रागांना पुरतील असे दहा निवडले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. सगळे स्वर शुद्ध तो बिलावल. फक्त मध्यम तीव्र केला की कल्याण. फक्त निषाद कोमल केला की खमाज.

त्याआधी उत्तरेत राग, त्यांच्या रागिणी आणि पुत्र अशी कुटुंबपद्धतीची वर्गवारी होती. कोणता राग कोणाचा पुत्र, याबाबत ग्रंथाग्रंथांत मतभेद होते आणि तपासायला निकषही नव्हता. थाट पद्धतीत निकष डोळ्यांसमोर आला. रागात लागणारे स्वर पाहा आणि कप्पा शोधा.

पुस्तके कोणती आणि कोणत्या भाषेत?

ही मांडणी प्रथम ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ या संस्कृत ग्रंथात ‘चतुर पंडित’ या टोपणनावाने आली. त्यानंतर ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार खंड १९१० ते १९३२ या काळात प्रसिद्ध झाले. हा ग्रंथ मूळ मराठीत असून गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात आहे. आज देशभरातले विद्यार्थी त्याचा हिंदी अनुवाद वाचतात. उत्तर भारतीय संगीताच्या आधुनिक शास्त्राचा पाया मराठी गद्यात घातला गेला, हे त्यामुळे बऱ्याचदा विसरले जाते.

सर्वसामान्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली ती ‘क्रमिक पुस्तक मालिका’. सहा भागांत मिळून सुमारे १८०० चिजा स्वरलेखनासह. पहिला भाग अगदी सोप्या रागांचा, पुढे अवघड आणि दुर्मीळ राग. प्रत्येक रागाची माहिती, स्वरविस्तार आणि मग चिजा. रागाचे नियमच शब्दांत सांगणारी ‘लक्षणगीते’ भातखंडे यांनी स्वतः रचली, म्हणजे नियम गाता गाताच पाठ व्हावेत. शेवटचे दोन भाग त्यांच्या निधनानंतर बाहेर आले.

चिजा छापणारे ते पहिले नव्हते. बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामी आणि सौरींद्रमोहन टागोर, बडोद्यात मौलाबक्ष आणि लाहोरमध्ये १९०१ ला गांधर्व महाविद्यालय काढणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीही स्वरलेखनाची पुस्तके काढली होती. भातखंडे यांचे वेगळेपण दोन गोष्टींत होते : अनेक घराण्यांचा माल एकाच मालिकेत आणि तो लिहायला अतिशय कमी चिन्हे.

हे नोटेशन वाचायचे कसे?

स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार सप्तक, काहीच नसेल तर मध्य. एका मात्रेत दोन किंवा अधिक स्वर असतील तर त्यांच्याखाली कंस. स्वर लांबवायचा असेल तर पुढे आडवी रेघ, शब्दातले अक्षर लांबवायचे असेल तर अवग्रह. फुली म्हणजे सम, शून्य म्हणजे खाली, बाकीचे आकडे टाळीचे. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिलीवर फुली, पाचवीवर २, नववीवर शून्य आणि तेराव्या मात्रेवर ३.

एवढे समजले की पान वाचता येते. शिवाय ते कोणत्या गळ्यासाठी किंवा कोणत्या वाद्यासाठी आहे, याचे बंधन नाही. गाणारा शब्दांसह गाईल, तर बासरी, सतार, व्हायोलिन किंवा हार्मोनियमवाला तेच स्वर वाजवेल. पाटीवरही लिहिता यावे असे हे नोटेशन आहे आणि टिकले ते बहुधा त्यामुळेच.

युरोपात असेच काही घडले होते का?

छपाईमुळे संगीताचे काय होते, हा प्रश्न युरोपात दोनशे वर्षे आधी आला होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, म्हणजे बरोक काळातल्या, एकल सोनाटा हे त्याचे चांगले उदाहरण. एक वाद्य मुख्य आणि साथीला खर्जाची ओळ, असा हा प्रकार. घरी वाजवणाऱ्या हौशी लोकांना तो हवा असे. त्यामुळे प्रकाशक मुखपृष्ठावर व्हायोलिन, बासरी, ओबो अशी अनेक वाद्यांची नावे छापत. गिऱ्हाईक जितके जास्त, तितका खप जास्त.

त्यात लबाडीही होती. हँडेल यांच्या सोनाटांचा एक संग्रह १७३० च्या सुमारास ॲमस्टरडॅमच्या रॉजर या प्रकाशकाच्या नावाने निघाला. प्रत्यक्षात तो लंडनच्या जॉन वॉल्श यांनी छापला होता, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्यातल्या काही रचना मूळ वाद्य आणि पट्टी बदलून छापल्या होत्या, तर काही हँडेल यांच्या आहेत का, याबद्दलच शंका आहे. आपली चीज हातातून सुटली की तिचे काय होईल, ही उस्तादांची भीती निराधार नव्हती.

दुसरा मुद्दा पानावर काय उतरते याचा. कोरेल्ली यांच्या व्हायोलिनच्या बारा सोनाटा १७०० मध्ये रोममध्ये छापल्या गेल्या, तेव्हा विलंबित भागांत फक्त मोजके, साधे स्वर होते. अलंकरण वाजवणाऱ्याने करायचे, असे गृहीत होते. १७१० मध्ये ॲमस्टरडॅमच्या एस्तिएन रॉजर यांनी यांपैकी काही भागांवरचे अलंकरणही छापले आणि कोरेल्ली स्वतः तसे वाजवत, असे जाहीर केले. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या की सांगाडा आणि शरीर यांतला फरक दिसतो. भातखंडे यांच्या पुस्तकातली चीज कोरेल्लीच्या पहिल्या आवृत्तीसारखी आहे.

भातखंडे यांच्यावरील आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप थाटांवर. दहा कप्प्यांत सगळे राग बसत नाहीत. पटदीपमध्ये गंधार कोमल आणि निषाद शुद्ध. असा एकही थाट दहांत नाही, तरी तो काफीत टाकला जातो. मधुवंतीत गंधार कोमल, मध्यम तीव्र आणि बाकी स्वर शुद्ध. तिला तोडीत ढकलतात, पण तोडीचे कोमल रिषभ आणि कोमल धैवत तिच्यात नाहीत. शिवाय एकाच थाटातले दोन राग स्वभावाने पूर्ण वेगळे असू शकतात.

दुसरा आक्षेप नोटेशनवर. दरबारीचा आंदोलित गंधार आणि जौनपुरीचा गंधार, दोन्हींखाली एकच आडवी रेघ. मींड आणि कण दाखवायची चिन्हे आहेत, पण स्वर किती झुलवायचा, कुठे थांबायचे, शब्द कसा टाकायचा हे पानावर येत नाही. घराण्याची गायकी नेमकी याच जागी असते. एकाच चिजेची वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळी रूपे असतात. त्यांतले एक छापले गेले की तेच प्रमाण ठरते आणि बाकीची मागे पडतात.

तिसरा आक्षेप दृष्टिकोनावर. बहुतेक चिजा मुस्लिम उस्तादांच्या घरातून आल्या. मात्र उस्तादांना शास्त्र ठाऊक नाही, ते पुरावा देऊ शकत नाहीत, हा सूर भातखंडे यांच्या लेखनात वारंवार येतो. इतिहासकार जानकी बखले यांनी ‘टू मेन अँड म्युझिक’ या २००५ च्या पुस्तकात याची तपशीलवार चिकित्सा केली आहे. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी दिली, त्यांच्याकडे केवळ कच्चा माल पुरवणारे म्हणून पाहणे अन्यायाचे होते, ही टीका गांभीर्याने घ्यावी लागते. मात्र त्याच वेळी भातखंडे यांनी त्या उस्तादांपुढे शिष्य म्हणून बसून विद्या घेतली आणि सदारंग, अदारंग, मनरंग यांच्या चिजा छापून टिकवल्या, हेही खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

पुस्तकाबरोबर शाळा का काढल्या?

पुस्तक वापरणारा वर्ग नसेल तर ते कपाटात राहते. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली. गवई आणि विद्वान एका मंडपात बसून रागांवर चर्चा करतात, हे नवे होते. पुढच्या परिषदा दिल्ली, बनारस आणि लखनौला झाल्या. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांच्या पाठबळाने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले. राय उमानाथ बली यांचा त्यात मोठा वाटा होता आणि संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव संस्थेला दिले गेले. आज ती लखनौची भातखंडे संस्कृती विद्यापीठ आहे.

या सगळ्यात एक निर्णय लक्षात घेण्याजोगा आहे. भातखंडे यांचे सर्वांत आवडते शिष्य म्हणजे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, पुढे मॅरिस कॉलेजचे अनेक वर्षे प्राचार्य. त्यांना भातखंडे यांची सगळी पुस्तके आणि स्वतः भातखंडे उपलब्ध होते. तरीही भातखंडे यांनी त्यांना बडोद्याला आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे तालमीसाठी पाठवले. रातंजनकर तिथे काही वर्षे शिकले. पुस्तकाने काय मिळते आणि काय मिळत नाही, याचे उत्तर पुस्तक लिहिणाऱ्यानेच कृतीतून दिले होते.

अखेरचा काळ आणि आजचे महत्त्व

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघात झाला आणि ते अंथरुणाला खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. टपाल खात्याने १९६१ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.

ज्या घराण्यांच्या चिजा त्यांनी घेतल्या, त्यांतल्या काहींची वंशपरंपरेची गायकी पुढे क्षीण झाली. त्यांच्या बंदिशी आज ऐकायला मिळतात त्या बऱ्याच अंशी या पुस्तकांतून. दुसरीकडे, आज फोनवर कोणत्याही रागाची शेकडो ध्वनिमुद्रणे सापडतात आणि पुस्तकात न आलेला दरबारीचा गंधारही कानांनी ऐकता येतो. त्यामुळे क्रमिक पुस्तकाचा उपयोग बदलला आहे. चीज पाठ करायला आणि मूळ आराखडा तपासायला पुस्तक, गायकी समजायला ध्वनिमुद्रण आणि चूक दाखवायला समोर बसलेला गुरू, असे तिन्ही लागतात. खोपोलीतल्या क्लासमध्ये मुलाच्या वहीत यमनची चीज उतरते, तेव्हा त्यातल्या पहिल्या भागाची सोय पं. भातखंडे करून गेले आहेत.